चार वाजताचा वास

चांदीकाकूंच्या नाकाने काही वर्षं इमानेइतबारे नोकरी केली आणि मग कोणालाही न कळवता राजीनामा दिला. कोणालाही म्हणजे खुद्द काकूंनाही. माणसाचे कान गेले तर घरचे ओरडून ओरडून त्याला ते कळवतात, डोळे अधू झाले तर तो दारावर आपटतो. नाकाचं तसं नाही. ते जागच्या जागी दिसत असतं, चष्मा त्याच्यावर व्यवस्थित टेकलेला असतो, आणि आत कामकाज बंद पडलंय याचा बाहेर पत्ता लागत नाही.

बरं, काकूंचं सगळं नाक गेलेलं नव्हतं. साबण, कॉफी, उतू जाऊन करपलेलं दूध, हे त्यांना आपल्यासारखंच कळायचं. त्यांना कळेनासा झाला होता तो फक्त गंधकाचा वास, आणि नेमका तोच त्यांच्या धंद्यातला.

काकू एकवीस वर्षं चांदीचे दागिने घडवत होत्या. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत एक लाकडी मेज, त्यावर कानशी, चिमटे, केसाएवढ्या पात्याची आरी आणि गॅसची छोटी फुंकणी, एवढा त्यांचा कारखाना. पातळ पत्र्यातून झाडाचं पान कापायचं, कडा घासून मऊ करायच्या, छिन्नीने शिरा कोरायच्या. इतकं झालं तरी पान पांढरंफटक दिसतं आणि शिरा कुठे आहेत ते कोरणारीलाच ठाऊक असतं. म्हणून मग ते काळं करायचं. गंधकाच्या क्षाराचे पिवळट खडे गरम पाण्यात विरघळवायचे, पान त्यात बुडवायचं, काळंठिक्कर पडलं की वरवरचं काळं घासून काढायचं. खोलगट शिरांत तेवढं काळं राहतं आणि पानात जीव येतो. अडचण एकच. त्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि एखाददुसऱ्या अंड्याचा नव्हे. पहिली काही वर्षं काकू नाकाला फडकं बांधून बसायच्या. मग एके दिवशी फडकं धुवायला टाकलेलं होतं, त्या तशाच बसल्या, आणि काहीच झालं नाही. आपल्याला सवय झाली, असं त्यांना वाटलं. त्याचा त्यांना अभिमानही वाटला.

काकूंचे यजमान, म्हणजे सगळ्या इमारतीचे काका, एका नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड झाली नव्हती. हाताखालच्यांना मात्र ते खाडाखोडीचा नियम शिकवायचे: चुकलंच तर एकच बारीक रेघ मारावी, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि ज्याने चूक केली त्यानेच बाजूला सही करावी. स्वतः काकांवर ही वेळ कधी आली नाही. नळवाल्याला द्यायची चिठ्ठीसुद्धा ते आधी कच्ची लिहायचे.

आलेल्या-गेलेल्याला काका कौतुकाने गॅलरी दाखवायचे आणि म्हणायचे, "हिचा छंद." त्यात कुचेष्टा नव्हती. टपाल तिकिटं जमवणाऱ्या भाच्याबद्दलही ते याच शब्दात आणि याच कौतुकाने बोलायचे. काकूंना तेच टोचायचं. बोटांना चिरे पडलेत, मानेचा मणका दुखतो, डोळ्यांचा नंबर दर वर्षाला वाढतो, आणि हे म्हणे छंद. पण एकवीस वर्षं ऐकून घेतलेल्या शब्दावर बाविसाव्या वर्षी भांडायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं.

शहरात दर वर्षी हस्तकलेचं मोठं प्रदर्शन भरायचं. आजवर काकू एका कुंभारीण मैत्रिणीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसायच्या. छातीवर बिल्ला लावायच्या, त्यावर लिहिलेलं असायचं, 'मदतनीस'. लोक त्यांचीच पानं हातात घेऊन त्यांनाच विचारायचे, हे करतं कोण? या वर्षी काकूंनी ठरवलं, आपलं स्वतःचं टेबल. त्यासाठी कारागीर ओळखपत्र हवं. ओळखपत्रासाठी अर्ज हवा, स्वतःच्या हातचे चाळीस नग हवेत, आणि कार्यालयाचं माणूस घरी येऊन काम पाहून जाणार, तेव्हा ते पसंत पडायला हवं. अर्ज अर्थातच काकांनी भरला. असं अक्षर छापखान्यातही मिळालं नसतं. काकूंनी कौतुकाने वाचायला घेतला आणि चौथ्या ओळीवर अडखळल्या.

"अहो, व्यवसायासमोर 'गृहिणी' लिहिलंय."

"मग काय लिहायचं?" काकांनी खरोखरच विचारलं.

काकूंनी कागदाकडे पाहिलं. एवढा सुंदर कागद, त्यावर खाडाखोड करायला सांगायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. "असू दे," त्या म्हणाल्या, आणि जाऊन मेजावर बसल्या.

एरवी काकू आठवड्यातून एकदा वाटीभर गंधकाचं पाणी करायच्या. आता चाळीस नग करायचे, तर वाटीने कसं भागणार? रोज एक पातेलं. दिवसभर घडवायचं, साडेतीनला बुडवायचं, आणि चार वाजता पातेलं गॅलरीतल्या बेसिनमध्ये रिकामं करायचं. त्यापाठोपाठ दुसरं एक भांडं. त्यात लिंबाच्या सत्त्वाचं आंबट पाणी असायचं, तापवून जोडलेली चांदी साफ करायला. गंधकाच्या पाण्यावर आंबट पाणी पडलं की वास दसपटीने उसळतो, हे काकूंना ठाऊक होतं. पण नाक सांगत नसेल तर नुसतं ठाऊक असून काय उपयोग? काका त्या वेळी वाचनालयात वर्तमानपत्रं वाचत असायचे. आणि काकूंच्या बेसिनखालची वाकडी नळी इतकी उत्तम बसवलेली होती, की खाली गेलेला वास परत त्यांच्या घरात यायची हिंमत करत नव्हता. तो मोठ्या पाइपात शिरायचा आणि जिथे नळीच्या वाकात वास अडवणारं पाणी टिकत नसेल तिथे डोकं वर काढायचा. बाकीच्या तेरा घरांत ते कुठेच टिकत नव्हतं.

पहिली तक्रार समोरच्या आजींनी केली. आजी एकट्या राहायच्या, आणि त्यांचं नाक इमारतीच्या मालकीचं असल्यासारखं सगळे वापरायचे. दूध नासलंय का, गाद्यांना दमट वास येतोय का, सगळं आजींना विचारायचं.

"अगं, तुला वास येतोय का?" आजींनी दार वाजवून विचारलं.

काकूंनी मनापासून हुंगलं. "नाही बाई. कसला?"

"मेल्यासारखा."

उंदीर मेला असणार, असं ठरलं. दोन दिवस चौदा घरांची कपाटं भिंतीपासून पुढे ओढली गेली. उंदीर सापडला नाही. तिसऱ्या मजल्यावर हरवलेली एक किल्ली आणि एकाच्या सासूबाईंनी सहा वर्षांपूर्वी चोरीला गेली म्हणून जाहीर केलेली कात्री मात्र सापडली, त्यावरून त्या घरात जे झालं त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. तिसऱ्या दिवशी गॅस गळतोय अशी बातमी पसरली. गॅसवाला आला, प्रत्येक शेगडीला साबणाचा फेस लावून बसला, आणि संध्याकाळपर्यंत चूल पेटवायची नाही असं बजावून गेला. सगळ्या इमारतीने दिवसभर पाव खाल्ला. चौथ्या दिवशी पाण्याची टाकी उपसली, आणि पाव घशाखाली ढकलायला पाणीही उरलं नाही.

या सगळ्यात चांदीकाकू आघाडीवर होत्या. त्यांनी टॉर्च धरली, शिडी धरली, टाकीत उतरलेल्या माणसाला वरून सूचना दिल्या. आपल्याला वास येत नाही हे सांगायला त्यांना लाज वाटायची. त्यामुळे चार वाजता सगळ्यांनी नाकं दाबली की त्याही दाबायच्या. "आज जास्तच आहे," असंही म्हणायच्या. आणि मग घाईघाईने घरी जायच्या, कारण आंबट पाणी ओतायचं राहिलेलं असायचं.

सेक्रेटरी हा मनुष्य एका शाळेत कवायत शिकवायचा आणि इमारतीचं कामही त्याच आवाजात करायचा. त्याने सभा बोलावली. पालिकेच्या आरोग्य खात्याला अर्ज द्यायचं ठरलं. मजकूर असा होता: 'गेल्या सात दिवसांपासून दररोज दुपारी ठीक चार वाजता आमच्या इमारतीत उग्र रासायनिक दुर्गंधी पसरते. हे कृत्य कोणीतरी नियमितपणे व सातत्याने करत असावे. शोध घेऊन कडक कारवाई व्हावी.' पहिली सही कोणी करायची यावर जरा थांबाथांब झाली. काकू पुढे झाल्या. "त्यात काय घाबरायचं?" असं म्हणून त्यांनी ठसठशीत सही ठोकली. त्या सहीवर सगळ्यांचं धैर्य वाढलं आणि बाकीच्या तेरा सह्या भराभर झाल्या.

पालिकेने अर्जावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि एक प्रत परत देऊन अर्ज ठेवून घेतला. लोकांना धीर धरवेना. त्यांनी प्लंबरला बोलावलं, आणि प्लंबरने तळमजल्यावर खणायला सुरुवात केली.

तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. शिंपी हा असा माणूस, की मशीनचा आवाज सोडला तर त्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही. मुख्य पाइप नेमका त्याच्या उंबरठ्यासमोरून जात होता, म्हणून चर तिथेच पडला. दुकानात जायला एक फळी टाकली. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक फळीवरून पँटसकट चरात गेलं. चराच्या पलीकडे सेक्रेटरीची स्कूटर अडकली. आता शाळेला पायी जावं लागायचं, आणि ज्याला रोज शंभर मुलांसमोर ताठ उभं राहायचं असतं त्याला चिखलाच्या बुटांनी जाणं फार लागतं. पाइपात काही सापडेना, तेव्हा त्याचा संशय शिंप्यावर गेला. वास पाइपात नाही, म्हणजे दुकानात आहे. कसल्यातरी रंगात कापड बुडवत असणार.

काकूंना शिंप्याचं वाईट वाटलं. तो त्यांच्या प्रदर्शनासाठी काळ्या मखमलीचे तुकडे शिवत होता. पण अर्जावर सही केली आहे, चौकशी व्हायलाच हवी, असंही त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी सकाळी समोरच्या आजी एक डबी घेऊन आल्या. त्यांच्या लग्नातली चांदीची डबी, आता त्यात त्या दातांची कवळी ठेवायच्या आणि ती न्हाणीघरातल्या फळीवर असायची.

"जरा बघ गं. चाळीस वर्षांत कधी अशी झाली नाही. आठवड्यात काळी पडली."

काकूंनी डबी उजेडात धरली. काय तो काळा रंग! कुठे डाग नाही, कुठे फिकं नाही, कडेच्या नक्षीत तर मखमलीसारखा बसलेला. आपल्या एकाही पानाला इतका एकसारखा काळा चढला नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि क्षणभर त्यांना हेवा वाटला. कोणी केलं असेल हे काम? आणि मग त्यांच्या हातातली डबी जड झाली. चांदी अशी काळी फक्त एकाच गोष्टीने पडते. न्हाणीघर. पाइप. चार वाजता.

"तुझा चेहरा का गं असा झाला?" आजींनी विचारलं.

"काही नाही, आजी. उजळून देते. ठेवून जा."

आजी गेल्या आणि काकू मेजासमोरच्या स्टुलावर बसल्या. त्यांना उंदीर आठवला, पाव आठवला, टाकीत उतरलेला माणूस आठवला. शिंप्याची फळी आठवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि सगळ्यात वर, ठसठशीत, आपली सही.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्यांनी उठून गॅलरीचं दार लावून घेतलं. "कोणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "सेक्रेटरीने सांगितलंय, ज्याचा वास असेल त्याचं काम त्या दिवशी बंद. तुझं मेज गेलं तर तपासणीला आलेला माणूस काय बघणार? ओळखपत्र मिळू दे, मग आपण सगळ्यांची माफी मागू."

"आणि शिंपी?"

"चारपाच दिवसांचा प्रश्न आहे."

एकतीस वर्षं खाडाखोड न केलेल्या माणसाने असा सल्ला द्यावा, याचंच काकूंना नवल वाटलं, आणि त्या नवलात त्या हो म्हणून बसल्या. दोघांनी मिळून अख्खा कारखाना दिवाणात भरला. आरी, कानशी, फुंकणी, गंधकाची बरणी, वर गादी. मेज भिंतीला लावून त्यावर टेबलक्लॉथ घातला. काकांनी खालून चार कुंड्या आणून मांडल्या. चार वाजले, वास आला नाही. खाली सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाला, "शिंप्याला दम दिला ना सकाळी? बघा, बंद."

काकूंना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

तपासणी पुढच्या आठवड्यात होती. म्हणजे अर्थातच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकरालाच दारात उभं राहिलं. एक उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई, काखेत फाईल. "याच रस्त्याला आले होते," बाई म्हणाल्या. "काम कुठे चालतं, दाखवा."

काकांनी गॅलरीचं दार उघडलं. बाईंनी चार कुंड्या पाहिल्या. एका कुंडीतल्या फुलाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, कारण ते कागदाचं होतं.

"काम?"

काकूंनी चाळीस नग काढून पलंगावर मांडले. बाईंनी एकेक पान हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, आणि मान डोलावली. "सुरेख आहेत. पण बाजारातून आणून मांडणारेही असतात हो. मागच्या महिन्यात एकाने चाळीस नग दाखवले, त्यातल्या एकाला कारखान्याची चिठ्ठी चिकटलेली राहिली होती. मला काम चालू असलेलं दिसायला हवं. हत्यारं?"

काकांनी गादी उचलली आणि दिवाण उघडला. बाईंनी आत वाकून पाहिलं.

"तुम्ही दिवाणात बसून काम करता?"

"कालच ठेवलंय," काकू म्हणाल्या.

"का?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते देता येत नव्हतं. काका म्हणाले, "झाडलोट." बाईंनी लिहायला सुरुवात केली. काकूंना उलटी अक्षरं वाचता येत होती, कारण नक्षी उलटी कोरायची त्यांना सवय होती. 'प्रत्यक्ष काम आढळले नाही.'

"निदान एखादा कागद आहे का?" बाईंनी विचारलं. त्या वाईट नव्हत्या. "दुकानाचा परवाना, जागेचं भाडेपत्र? या पत्त्यावर तुम्ही रोज, नियमित काम करता, असं कोणाच्या तरी सहीचं काहीतरी?"

"छंद असला तर कागद कुठून असणार," काका हळूच म्हणाले. ते काकूंची बाजूच घेत होते, त्यांना बिचाऱ्यांना तसं वाटत होतं.

त्याच वेळी खालून सेक्रेटरीचा कवायतीचा आवाज आला. काकूंनी खिडकीतून पाहिलं. चराच्या एका बाजूला सेक्रेटरी, प्लंबर आणि निम्मी इमारत, दुसऱ्या बाजूला शिंपी एकटा. "काल दम दिला आणि काल वास बंद झाला. आणखी काय पुरावा हवा? आजच्या आज मशीन उचला," सेक्रेटरी म्हणत होता.  शिंप्याच्या हातावर काळ्या मखमलीच्या घड्या होत्या, त्या चरातल्या मातीला लागू नयेत म्हणून त्याने त्या छातीशी उंच धरल्या होत्या.

काकू जिना उतरल्या. पायात चपला घालायचं राहिलं. फळीच्या अलीकडे उभं राहून त्या म्हणाल्या, "त्यांचा नाही. तो वास माझा आहे."

कोणालाच काही समजलं नाही. दोघीजणी एकमेकींकडे बघू लागल्या. आजी वरून खिडकीतून म्हणाल्या, "काय म्हणतेय ती?"

मग काकूंनी सगळं सांगितलं. गंधक, आंबट पाणी, पातेलं, नाक. आजींची डबी. दिवाण. कुठेही स्वतःला सांभाळून घेतलं नाही. सांगताना त्या शिंप्याकडेच बघत होत्या. "काल कळलं मला, आणि काल मी गप्प बसले," त्या म्हणाल्या. "तेवढं ओळखपत्र हातात पडू दे म्हणून. तुमचं दुकान गेलं असतं आणि मी वर बसून पानं घासली असती. मला लाज वाटते."

शिंप्याने मखमलीच्या घड्या दुसऱ्या हातावर घेतल्या. "मी रोज उंदीर शोधत होतो," तो म्हणाला. लोकांनी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "उंदीर नाही ना? मग बरं."

सेक्रेटरीला मात्र इतक्या सहज बरं वाटणार नव्हतं. त्याने आधी अडकलेल्या स्कूटरकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. "काकू, अर्जावर पहिली सही तुमची आहे," तो म्हणाला. कवायतीच्या आवाजात नाही, दुखावलेल्या आवाजात.

"कसला अर्ज?" मागून विचारलं गेलं. तपासणीच्या बाई काकूंच्या मागोमाग उतरल्या होत्या.

सेक्रेटरीने खिशातून प्रत काढली. बाईंनी ती एकदा वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. "दररोज दुपारी ठीक चार वाजता," त्या पुटपुटल्या. "नियमितपणे व सातत्याने. चौदा सह्या. पालिकेचा शिक्का. आवक क्रमांक." मग मान वर करून म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी तपासण्या करतेय. रोज काम चालतं याचा असा पुरावा आजवर एकाही अर्जदाराने दिलेला नाही."

"ती तक्रार आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"हो. म्हणून तर खरी." बाई काकूंकडे वळल्या. "फक्त हा वास तुमच्याच कामाचा आहे, हे मला पाहावं लागेल."

पुढचा अर्धा तास त्या इमारतीने जे पाहिलं ते पुन्हा होणे नाही. कुंड्या खाली गेल्या, दिवाणातला कारखाना गॅलरीत आला. काकूंनी एक कोरं पान घेतलं, शिरा कोरल्या, पाणी तापवलं, गंधकाचे खडे टाकले. गॅलरीच्या दारात बाई, मागे सेक्रेटरी, त्याच्यामागे जिन्यापर्यंत लोक. गेले दहा दिवस ज्याच्यापासून पळत होते, तो वास यावा म्हणून सगळे ताटकळत उभे. पान पाण्यात गेलं, पिवळं झालं, तपकिरी, निळसर, काळं. "अगंबाई," कोणीतरी हळूच म्हणालं. इतकी वर्षं शेजारी राहून कोणी हे पाहिलेलं नव्हतं. सेक्रेटरीने तर पुढे वाकून हात पाठीमागे बांधले, शाळेत मुलं प्रयोग बघताना बांधतात तसे. काकूंनी पातेलं बेसिनमध्ये ओतलं. मागोमाग आंबट पाणी.

सगळ्यांनी नाकं वर केली. मग समोरच्या घरातून आजींचा आवाज आला, "आला."

तिसऱ्या मजल्यावरून, "आला." चौथ्यावरून, "आला, आला." तळातून शिंपी म्हणाला, "इकडेही." आणि प्लंबर बेसिनखाली बसून अभिमानाने सांगत होता, की या नळीतून मात्र काही परत येत नाही, कारण ही नळी त्याने स्वतः बसवली आहे. बाकीच्यांनी स्वस्तातला माणूस बोलावला होता.

बाईंनी नाकाला रुमाल लावून दुसऱ्या हाताने लिहिलं. 'आढळले नाही' मधल्या 'नाही'वर एक बारीक रेघ मारली आणि बाजूला सही केली. मग सेक्रेटरीकडे पाहून म्हणाल्या, "हे काम मात्र गच्चीवर करायला द्या यांना. आणि पाणी पाइपात नको." सेक्रेटरीने आवाजात थोडी कवायत आणून, तसा ठराव करू, असं सांगितलं. पण तो अजून त्या पानाकडेच बघत होता. माझ्या मिसेसला असलं काही होईल का, असं त्याने नंतर जिन्यात विचारलंच.

लोक पांगले. बाईंनी काकूंचा अर्ज पुढे ओढला आणि शिक्का उचलला. तो हवेतच राहिला.

"हे काय? व्यवसायासमोर 'गृहिणी' आहे. मग मी कारागीर म्हणून कसं देऊ? हे अक्षर कोणाचं?"

काकू म्हणाल्या, "जाऊ दे. मी दुसरा फॉर्म..."

"दुसरा आता पुढच्या वर्षी. इथेच दुरुस्ती करावी लागेल. ज्याने लिहिलं त्याने."

काका खुर्चीवर बसले. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं. काकूंना बघवेना. एकतीस वर्षांत जे झालं नाही ते आपल्यापायी होणार, म्हणून त्या खिडकीकडे वळल्या.  मग पेनाचा आवाज आला. एकदा, परत, परत. त्यांनी वळून पाहिलं. काका रेघेवर रेघ मारत होते. शब्दाचा काळा ठिपका झाला तरी त्यांचा हात थांबत नव्हता. मग त्याच्या वर, त्या छापील अक्षरात, त्यांनी लिहिलं, 'चांदी कारागीर'. आणि सवयीने पुढे, कंसात, 'एकवीस वर्षे'.

"एकच रेघ मारायची असते," बाई म्हणाल्या. "खालचं वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे."

"नियम मला पाठ आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी बाजूला पूर्ण नावाची सही केली.